नुसत्या बघायच्या फुलदाण्या

घरात कुणी आजारी पडलं की सगळ्यांना आत्याची आठवण व्हायची. एरवी ती कुठल्या खोलीत आहे याचा कुणाला पत्ता नसे. जन्मभर इस्पितळात नर्स म्हणून राबली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावरही भावाच्या घरात तिची ड्यूटी काही संपली नाही. सगळ्यांची दुखणीखुपणी, भावाचं रोजचं औषधपाणीसुद्धा, तिच्याच गळ्यात.

तिची म्हणावी अशी चैन एकच, जुन्या विलायती फुलदाण्या. चिनी मातीच्या, हाताने रंगवलेल्या, काठाला सोनेरी रेघ. जुन्या बाजारात पायपीट करून तिने एकेक जमवली आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मांडली. त्यांत फुलं घालायची कुणाची छाती नव्हती. दर रविवारी ती त्यांना पाठमोरं करून ठेवी. मागे रंगाऱ्याने एखादी छोटीशी फांदी काढलेली असे. तिच्याकडेही कुणीतरी बघायला हवं, असं आत्याचं म्हणणं. एक जोडी विशेष लाडकी. दोन्हींवर नदीवरचा तोच पूल, पण एकीवर गळ टाकून बसलेला माणूस आणि दुसरीवर पूल रिकामा. रंगाऱ्याची जेवायची सुट्टी झाली असणार, असं ती हसून सांगे.

एकदा ती चार दिवस बहिणीकडे राहायला गेली, तेवढ्यात इकडे भावाच्या मुलाने घर सजवणारा एक दीडशहाणा बोलावला. परत येऊन बघते, तर सोफ्याच्या दोन्ही बाजूंना ती जोडी, डोक्यावर टोप्या घातलेली. टेबललॅम्प! बुडाला भोक पाडून वायर ओवलेली. रंगाऱ्याची तळाशी असलेली खूण त्या भोकात गेली होती. अरे, माणसाला विचारायचं तरी! पण घरातल्या बाईच्या वस्तूला हात लावताना विचारतंय कोण?

भाच्याने मोठ्या कौतुकाने बटण दाबून दाखवलं.

"नुसत्या पडून होत्या गं आत्या. आता निदान उपयोग तरी होतोय."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आवाज मात्र चढला नाही.

"उपयोगाला या घरात मी होते. त्या नुसत्या बघायच्या होत्या."

मग तिने कपाट उघडलं आणि एकेक फुलदाणी आपल्या साड्यांत गुंडाळून बॅगेत भरू लागली. बहिणीकडे जाते, म्हणाली, कायमची. भाचा दारात उभा राहून बघत होता. शेवटी त्याने विचारलं ते एवढंच, की मग बाबांचं औषधपाणी कोण करणार?

आत्या दिव्यातली वायर उपसत होती.