एक घर, दोन खेळाडू

भाऊ माझ्याशी बोलत नव्हता, त्या काळात तो मला रोज धान्य पाठवायचा. खरंखुरं नव्हे, फोनवरच्या खेळातलं. सकाळी चर्चची पहिली घंटा व्हायच्या सुमारास माझ्या फोनवर निरोप उमटायचा की त्याच्या गावाहून माझ्या गावाकडे गाड्या निघाल्या आहेत. मी चहाचं आधण ठेवून त्या पोचेपर्यंत बघत बसायची.

खेळ तसा सोपा आहे. प्रत्येकाला एक गाव मिळतं. शेतं करायची, तट बांधायचा, सैन्य जमवायचं आणि टोळी करून दुसऱ्या टोळीवर चालून जायचं. सैन्याला खायला लागतं. धान्य संपलं की सैनिक आपल्या डोळ्यांदेखत उपाशी मरतात. लॉकडाऊनमध्ये दादाने हा खेळ आधी घेतला आणि मग मला शिकवला. आम्ही दोघं ओटीवर बसून खेळायचो, आणि वहिनी आतून म्हणायची की बहीण-भाऊ या वयात पार कामातून गेले.

दादा वाडीत केळी आणि फुलं करतो. खेळातही त्याने शेतंच शेतं केली. मी शाळेत गणित शिकवते, आणि माझा स्वभाव कसा आहे ते आमच्या आळीत कुणालाही विचारा. मी सैन्य केलं. इतकं केलं की माझ्या शेतांना ते पोसवेना. दादा हसला. म्हणाला, "तू मारामारी कर, बाय. जेवनाचं मी बघतो." तेव्हापासून त्याच्या गाड्या सुरू झाल्या. आणि त्याच्या गावाकडे कुणी वाकड्या नजरेने बघितलं तर त्याची गाठ माझ्याशी असायची.

मग बाबा गेले. आमच्या वाडीच्या शेजारून रस्ता रुंद होणार असल्याची बातमी आली आणि पाठोपाठ बिल्डरची माणसं यायला लागली. आमच्याकडे मुलींनी वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करायची रीत आहे. सही केली की माहेर शाबूत राहतं, सणाला बोलावणं येतं, केळीचा पहिला घड पोचता होतो. माझं लग्न झालेलं नाही. मी जन्मले त्याच घरात राहते, मला वेगळं माहेर कुठून येणार? त्या वाडीच्या पाटाचं पाणी मीही लहानपणी वळवलं होतं. मी सही केली नाही. का करायची, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

घराच्या मधोमध एक भिंत आहे. दोन चुली वेगळ्या व्हाव्यात म्हणून बाबांनीच ती घातली होती, कारण वहिनीचं आणि माझं मीठमसाल्यावरून जमायचं नाही. एवढंच तिचं कारण. पण प्रकरण वसईच्या कोर्टात गेलं आणि त्या भिंतीला भलतीच किंमत आली. दादाचं म्हणणं, बाबांनी हयातीतच वाटणी केली, हिला अर्धं घर दिलं, आता वाडीत हिचं काही नाही. माझं म्हणणं, घर एकच आहे, वाटणी झालीच नाही. पहिली नोटीस माझ्या वकिलाने पाठवली. त्या दिवसापासून दादा बोलायचा बंद झाला. ओटीवर समोरासमोर आलो तर तो चपला शोधायला लागायचा.

पण धान्य येत राहिलं. नोटिशीच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा आलं. वायफायही आमचं एकच होतं, बाबांच्या नावाचं, त्याच्या बाजूच्या खोलीत लावलेलं. त्याने ते माझ्यासाठी कधी बंद केलं नाही. त्या गाड्या बघून माझ्या मनाला किती आधार वाटायचा हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कोर्टातली भांडणं कोर्टात, असं मी स्वतःला समजावायची. आतून तो माझाच आहे, अशी माझी खात्री होती.

आमच्या टोळीचा म्होरक्या तुळिंजला राहणारा, नोकरीवाला माणूस. एकदा त्याने शोधून काढलं की समोरच्या टोळीतला एक बडा खेळाडू एकटाच ढीगभर गावं चालवतो. सगळी खाती त्याचीच, नुसती नावं वेगळी, आणि सगळ्यांचं धान्य त्याच्या मुख्य गावाला. ते ऐकून माझं डोकं फिरलं. आम्ही प्रामाणिकपणे खेळणारी माणसं मूर्ख आहोत का? टोळीच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त मीच बोलले. म्होरक्याने रीतसर तक्रार केली, तशाच तक्रारी इतरांनीही केल्या, आणि खेळ चालवणाऱ्यांनी नियम बदलला. तो नियम मला आजही बरोबर वाटतो.

नियम असा होता. एकाच वायफायवरून खेळणारी दोन खाती यापुढे एकमेकांना धान्य पाठवू शकणार नाहीत. मात्र ती खरोखर एका घरातली दोन माणसं असतील, तर त्यांना सूट. त्यातल्या एकाने तसं कळवायचं आणि दुसऱ्याने दुजोरा द्यायचा. दुसऱ्याच्या फोनवर दोन बटणं येणार: 'होय, आम्ही एका घरात राहतो' आणि 'नाही, या खेळाडूला मी ओळखत नाही'.

नियम लागू झाला त्या सकाळी गाड्या आल्या नाहीत. मी लगेच कळवलं. दुसरा खेळाडू कोण, या रकान्यात दादाच्या गावाचं नाव घातलं आणि नातं म्हणून 'भाऊ' निवडलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला आनंद झाला होता. दादा नक्कीच 'होय' दाबणार. तोंडाने बोलणं त्याच्या जिवावर येत असेल, पण बटण दाबायला काय जातं? निदान खेळवाल्यांना तरी तो सांगेल की ही माझी बहीण आहे. मला तेवढं हवं होतं. धान्य गेलं खड्ड्यात.

उत्तर लगेच आलं नाही. तिकडे माझे सैनिक मरायला लागले. भिंतीपलीकडून दादाच्या खोकल्याचा आवाज यायचा, टीव्हीचा यायचा. मी फोन हातात घेऊन बसायची. मग एका दुपारी, शाळेतून परत आले तेव्हा, निरोप आला. दुसऱ्या खेळाडूने आपल्याला ओळखत नसल्याचे कळवले आहे. आपले खाते बनावट समजून बंद करण्यात येत आहे.

मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. शेवटी रडायला आलं, तेव्हा फोन पालथा घातला आणि रडले. एका फोनवरच्या गावासाठी कोण रडतं, असं कुणी म्हणेल. गावासाठी नव्हतंच ते.

ग्रुपवर तोपर्यंत बोभाटा झाला होता. एकाने लिहिलं, "ताई, तुम्ही पण? आम्हाला तर लय शिकवत होता." म्होरक्या सभ्य माणूस, त्याने मला बाजूला मेसेज केला. म्हणाला, "मॅडम, दादांच्या हातून चुकून दाबलं गेलं असेल. त्यांनी तसं लिहून दिलं तर मी तुमच्यासाठी अपील टाकतो. एकदा बोलून घ्या ना त्यांच्याशी."

चुकून. हा विचार मला सुचलाच नव्हता, आणि आता तो मला सोडवेना. दादाचे हात जाड, बोटं कामाने फुटलेली, कुठेही टेकतात. चुकूनच झालं असणार.

मी त्याच्या बाजूच्या मागच्या दाराशी गेले. तो पडवीत बसून अबोलीच्या फुलांचे वाटे करत होता. वहिनी चर्चमध्ये मिस्साला गेली होती. मी दारातूनच विचारलं, "दादा, खेळात तू 'नाही' दाबलंस?"

त्याने मान वर केली नाही. "दाबलं."

"चुकून?"

"चुकून कशाला? वकिलानं बजावलंय. एका घरात ऱ्हातो असं कुठं बी कबूल करायचं नाय."

"अरे, तो खेळ आहे."

"हल्ली मोबाईलमधलं बी कोर्टात चालतं." तो फुलं नीट लावत राहिला. "लय दिवस नुसतं बघत होतो. वाटलं, काहीच दाबू नये. पन गप्प बसलं तर मान्य केलं असं धरतात. तुझ्या नोटिशीत तसंच लिवलं होतं."

मला हसू येत होतं. माझ्या वकिलाची भाषा त्याने खेळाला लावली होती. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. वाटलं, आता समजावून सांगता येईल, आत्ताच, वहिनी यायच्या आत.

तेवढ्यात त्याने वर बघितलं. इतक्या दिवसांनी प्रथमच सरळ माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो फार थकलेला दिसत होता. म्हणाला, "तुझ्या वकिलानंच करायला लावलं ना ते तुला? एक घर म्हनून माझ्याकडनं वदवून घ्यायला?"

मी नाही म्हणाले. पण ते 'नाही' कसं वाटलं असेल, तेही मला कळत होतं. त्याच्या दारावर आलेलं नोटिशीचं प्रत्येक पाकीट मी पाठवलेलं होतं. त्याने कशावर विश्वास ठेवायचा?

"मग कशाला पाठवलंस?" त्याने विचारलं.

खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. तू 'होय' म्हणावंस म्हणून. दुसरं काही नको होतं, दादा. वाडी नाही, धान्य नाही. एवढं साधं वाक्य, पण आयुष्यभर सगळ्यांना तोंडावर बोलणारी मी, मला ते बोलता आलं नाही. ते बोलले असते तर त्याच्यापुढे रडले असते, आणि उद्या तेही वकिलाने शिकवलेलं ठरलं असतं.

मी म्हणाले, "सैन्य उपाशी मरत होतं."

त्याने मान हलवली. त्याला ते पटलं. "धान्यासाठी व्हय," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पार उतरला. "मला वाटलं, आनखी काय असंल."

मग तो पुढच्या वाट्याची फुलं निवडायला लागला, आणि मी उठून माझ्या दाराकडे गेले.