कोरी बाजू

“आप्पा, तुम्ही मध्ये बोलू नका.”

हे मी पुण्याहून आलेल्या माणसासमोर, आवाज चढवून बोललो. आप्पा जाधव आमचे रेकॉर्ड कीपर. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मीटिंग संपेपर्यंत तोंड उघडलं नाही. मला वाटलं, बरं झालं.

मी परचेस मॅनेजर होतो. सांगलीतल्या ज्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी वाळूच्या पाट्या उचलल्या, त्याच कारखान्यात टेबल-खुर्चीपर्यंत पोचलो. डिग्री नाही, ओळख नाही. वर आलो तो घासाघिशीवर. विकणारा खुर्चीतून उठून दारापर्यंत गेला की त्याला परत बोलवायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कारखाना साताऱ्याच्या एम.आय.डी.सी.त हलवायचं ठरलं. नव्या इमारतीच्या नकाशात सगळं होतं, रेकॉर्ड रूम नव्हती. जुन्या खोलीत कारखाना सुरू झाल्यापासूनचे कागद लाल रुमालांत बांधून मांडणीवर रचलेले होते. नेमणुका, रजा, अपघात, चौकश्या. कुठला कागद कुठल्या गाठीत आहे, ते आप्पांच्या डोक्यात.

एम.डी. साहेब म्हणजे मूळ मालकांचे चिरंजीव. ते म्हणाले, “सगळं कॉम्प्युटरवर घ्या. मग कागद पेपर मिलला रद्दीत देऊन टाका. साताऱ्याला एक गठ्ठा येता कामा नये.”

असल्या सॉफ्टवेअरचं काम सांगायला सोपं आहे. प्रत्येक कागद स्कॅन करायचा, म्हणजे त्याचा फोटो काढायचा. फोटो सीडीवर साठवायचा. आणि तो परत सापडावा म्हणून त्याच्यासोबत काही खुणा टाइप करायच्या. नाव, खातं, तारीख. या खुणांना इंडेक्स म्हणतात. इंडेक्स नसेल तर सगळे फोटो असून नसल्यासारखे.

तीन कोटेशनं आली. मुंबईच्या कंपनीने इंग्रजीत तासभर भाषण दिलं, पण त्यांच्या माणसाने रेकॉर्ड रूमचं दारसुद्धा उघडून पाहिलं नाही. त्याला मी चहा पाजून वाटेला लावलं. सांगलीतलाच एक कॉम्प्युटर क्लासवाला निम्म्यात करून देतो म्हणाला. मी विचारलं, “उद्या क्लास बंद केलास तर आमचं रेकॉर्ड कोण उघडणार?” तो हसला. हसला म्हणून तो गेला.

राहिले पुण्याचे सोमण. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर करून रुमाल सोडले, कागद हाताळले, खोकले. सोबत आणलेल्या मशीनवर आमचाच कागद स्कॅन करून दहा सेकंदांत शोधून दाखवला. म्हणाले, “सीडीवर एकदा लिहिलं की लिहिलं. मालकालासुद्धा खाडाखोड करता येणार नाही.” हे मला फार पटलं. आमच्याकडे खाडाखोडीवरून भांडणं झालेली होती.

माल ठरला. आता घासाघीस. एम.डी.नी मला एक आकडा दिला होता आणि वर म्हणाले होते, “यात बसवा. नाही जमलं तर सांगा, दुसरा माणूस बघू.” वाळू उचललेल्या माणसाला हे वाक्य कसं लागतं, ते ज्याने उचलली नाही त्याला कळायचं नाही. त्या आकड्याच्याही खाली आणून दाखवतो, असं मी मनाशी ठरवलं.

सोमणांनी प्रत्येक कागदाला सहा खुणा धरल्या होत्या.

“सहा कशाला? आमचा बिल्ला नंबर आहे की. बिल्ला, नाव, कागदाचा प्रकार. तीन बास.”

“तारीख तरी ठेवा, पवारसाहेब.”

“तारीख कागदावर छापलेली असते. डोळे आहेत आम्हाला.”

“बरं. आणि दोन्ही बाजू स्कॅन करायच्या.”

“मागं काय असतं? कोरं. कोऱ्या कागदाचे फोटो काढायला आमच्याकडं लग्न नाही.”

याच वेळी आप्पा म्हणाले, “साहेब, मागच्या बाजूला...” आणि मी त्यांना गप्प केलं. विकणाऱ्यासमोर आपली गरज उघडी करायची नाही, हा माझा नियम. मागची बाजू हवी आहे हे सोमणांना कळलं असतं, तर ते तिथेच रुतून बसले असते. बाहेर गेल्यावर आप्पांना विचारू, असं मी ठरवलं होतं. बाहेर पडलो तर फोन आला. विचारायचं राहिलं.

सोमण दारापर्यंत जाऊन परत आले. एम.डी.च्या आकड्याच्या खाली सौदा झाला. दोन महिने रुमाल सुटत राहिले. मग मिलचा ट्रक आला आणि खोली रिकामी झाली. आप्पांनी रुमाल तेवढे घडी घालून ठेवले.

साताऱ्याला कुणाला न्यायचं, याची यादी पर्सोनेल मॅनेजरने नव्या सॉफ्टवेअरवरूनच केली. नियम एकच. ज्याच्या फाइलीत चार्जशीट, म्हणजे कारखान्याने ठेवलेला आरोप, त्याला हिशोब देऊन घरी पाठवायचं. कॉम्प्युटरने घरी पाठवायच्या लोकांची यादी छापली. त्यात नाव होतं, ‘११४, मारुती बापू कांबळे, चार्जशीट – चोरी.’

दुसऱ्या दिवशी मारुतीचे वडील, बापू कांबळे, माझ्या टेबलासमोर उभे राहिले. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती त्यांना. मला वाळू चाळायला याच माणसाने शिकवलं होतं. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

“आवं पवारसायब, माझ्या पोरानं काय चोरलं?”

“बापू, मशीन सांगतंय.”

“मशीनला इचारा, कवा चोरलं?”

तारीख यादीत नव्हती. ती मीच कापली होती. सीडी लावून कागद उघडला. चार्जशीटवर स्पष्ट तारीख होती. त्या दिवशी मारुतीचा जन्मसुद्धा झालेला नव्हता.

घडलं होतं ते असं. आमच्याकडे बाप गेला किंवा रिटायर झाला की पोराला नोकरी मिळायची, आणि बापाचा पितळी बिल्लाही तोच पोराच्या छातीवर लागायचा. नवा नंबर घेणं कमीपणाचं समजत. पोरं बिल्ला चिंचेने घासून पहिल्या पाळीला यायची. या मारुतीचे आजोबा, म्हणजे बापूंचे वडील, तेही मारुती बापू. ते वारले, बिल्ला बापूंना मिळाला. वर्षाच्या आत बापूंना मुलगा झाला, त्याला रीतीप्रमाणे आजोबांचं नाव ठेवलं. मग बिल्लाही नातवाकडे आला. नाव तेच, बापाचं नाव तेच, नंबर तोच. आप्पांच्या रुमालात दोघांच्या मध्ये एक पुठ्ठा असायचा. माझ्या तीन खुणांत पुठ्ठ्याला जागा नव्हती.

मारुतीचं नाव त्याच दिवशी यादीतून निघालं. मला वाटलं, मिटलं. बापू मात्र हलले नाहीत.

“पोराचं झालं. आता माझ्या बाचं बघा. मागची बाजू दावा.”

“कसली मागची बाजू?”

माझ्या मागून आप्पा म्हणाले, “मोठे मालक चौकशीचा निकाल कागदाच्या पाठीवरच लिहायचे. वेगळा कागद वापरायचे नाहीत. पितळेच्या कांड्या हरवल्या होत्या. कांबळ्यांचं नाव आलं. आठ दिवसांनी कांड्या वजनकाट्याच्या खड्ड्यात सापडल्या. ‘इसम निर्दोष आहे, संशय घेतला ही आमची चूक’ असं मालकांच्या हातचं, सहीसकट होतं.”

कांड्या हरवल्यावर पहिलं नाव कांबळ्यांचंच का आलं, हे आप्पांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

“मला आप्पांनी दोनदा वाचून दावलं हुतं,” बापू म्हणाले. “बा गेला तवा, आन् मी रिटायर झालो तवा.”

मी सोमणांना फोन लावला. सीडीवरचं चार्जशीट काढून टाकता येईल का?

“नाही, साहेब. म्हणून तर तुम्ही घेतलंत.”

मिलला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, तुमच्या कागदाचा पुठ्ठा होऊन गेला.

एम.डी.कडे गेलो. वडिलांनी दिलेला निकाल नव्या लेटरहेडवर लिहून सही करा, तो स्कॅन करून त्याच नंबराखाली टाकतो, म्हणालो. ते म्हणाले, “मेलेल्या माणसाचं काय उकरताय? आणि पवार, स्वस्तातलं तुम्ही आणलंत.”

आकडा त्यांचा होता. ‘दुसरा माणूस बघू’ हे शब्द त्यांचे होते. तरी पुढे प्रत्येक मीटिंगमध्ये हे सॉफ्टवेअर ‘पवारांची खरेदी’ म्हणूनच ओळखलं गेलं. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण आप्पांना गप्प बसा म्हणणारा आवाज एम.डी.चा नव्हता.

शेवटी मीच लिहिलं. आप्पांनी जसं सांगितलं तसं, शब्द न बदलता. खाली त्यांची साक्ष, माझी सही. परचेस मॅनेजरला चौकशीच्या निकालावर सही करायचा काडीचा अधिकार नसतो. तो कागद ११४ नंबराखाली स्कॅन केला आणि मूळ प्रत आप्पांच्या एका लाल रुमालात बांधून बापूंच्या हातात दिली.

बापूंनी गाठ सोडली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद पुढून पाहिला, मग उलटा केला आणि कोऱ्या बाजूवरून बोट फिरवलं.

“त्यो निकाल मागं हुता रं,” ते म्हणाले. कित्येक वर्षांनी त्यांनी मला अरे-तुरे केलं. “मालकानं सवताच्या हातानं लिवलेला. ह्यो तुजा हाय.”

त्यांनी कागद घडी घालून रुमालात ठेवला आणि गेले. चार्जशीट सीडीवर आहे तसं आहे. कुणालाही खाडाखोड करता येत नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी पुष्कळ खरेदी केली आणि घासाघीसही सोडली नाही. फक्त सौद्याला बसण्याआधी, ज्याच्या हाताखालून तो माल रोज जाणार त्या माणसाला दार लावून विचारायचो, यातलं काय कापलं तर तुझं अडेल? आणि समोर येईल तो कागद आधी उलटा करून बघायचो. बहुतेक वेळा मागं काहीच नसायचं.