कोहळ्याच्या वेलावरची सकाळ

मी अमरावतीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. सुटी लागली की वलगावला भावाकडे जाते. त्या वर्षी वहिनीनं घरामागे कोहळ्याचा वेल लावला होता. पुण्याकडे त्याला लाल भोपळा म्हणतात. वेल फुलांनी भरलेला, पण फळ लिंबाएवढं झालं की पिवळं पडून गळायचं.

"ताई, तुमी झाडंपानंच शिकवता न? मंग हे काहून गळून राह्यलं?" वहिनीनं विचारलं.

"सकाळी फुलं उघडली की पाहू," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आम्ही दोघी वेलापाशीच बसलो. ऊन वर आलं, फुलं मिटायला लागली, तरी एकही मधमाशी फिरकली नाही. पलीकडे कपाशीत भाऊ पाठीवर पंप घेऊन फवारत होता. औषधाचा वास आमच्यापर्यंत येत होता.

मी वहिनीला नर फूल आणि मादी फूल ओळखायला शिकवलं. मग माश्यांऐवजी आम्हीच नर फुलं तोडून त्यांचे पराग मादी फुलांना लावले.

"हे त लगनच लावून राह्यलो आपण!" वहिनी खूप हसली.

ती फळं गळली नाहीत. नारळाएवढी झाली. पण एकदा पराग लावता लावताच वहिनी थांबली. "आपल्या वेलाचं भागलं. मेळघाटातल्या एवढ्या झाडाईले कोण हात लावत बसीन, ताई?"

त्या प्रश्नानं मला दिवसभर सोडलं नाही. जेवताना मी भावाजवळ विषय काढला.

"फवारलं नाही त अळी कपाशी खाऊन जाईन," तो म्हणाला. "मंग तुह्या माश्या देतीन का मले कापूस?"

त्याचंही खरंच होतं. मी म्हटलं, "बंद नको करू. संध्याकाळी फवार. माश्या तेव्हा घरी गेलेल्या असतात."

पुढं तो संध्याकाळीच पंप उचलायला लागला. पुढच्या हंगामात वेलावर माश्या दिसल्या. वहिनीला आनंद झाला. त्या फवारणीची वेळ बदलल्यामुळेच आल्या, असं मला मात्र खात्रीनं सांगता येईना. त्या वर्षी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रानफुलंही भरपूर होती. माश्या त्यांच्यासाठी आल्या असतील. तसं मी बोलूनही दाखवलं.

"मंग एका बाजूच्या चार ओळी फवारूच नका," वहिनी भावाला म्हणाली. "पाहू तरी काय होते!"

भाऊ कुरकुरला, पण त्यानं ओळी सोडल्या. तिथं अळीनं थोडी बोंडं खाल्ली. त्याच सुमारास त्यानं मला कपाशीच्या फुलातल्या एका बारक्या माशीचा फोटो पाठवला. पोटावर निळे पट्टे. लगेच फोनही केला.

"हे पण मधमाशीच असते का वं?"

"पाहून सांगते," मी म्हटलं आणि पुस्तकं काढून बसले.