छताखालची खुर्ची

"बाई, बिलकुल फिकर करू नका. चुना मारला की छत नव्यासारखं," ओव्हरसियर म्हणाले.

"दोनदा मारलात. डाग परत वर आले. परवा पोपडा पाळण्याशेजारी पडला."

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी जालन्याच्या जनाना दवाखान्यात मॅट्रन होते. बाळंतिणींच्या वॉर्डचं काँक्रीटचं छत ओव्हरसियरांनीच बांधून घेतलेलं. त्यावर तपकिरी डाग होते, आणि डागांच्या रेषेत सरळ चिरा.

मुलांनो, काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. ताण आतल्या लोखंडी सळया सोसतात. सळई गंजली की बारीक होते. शिवाय गंज फुगतो, काँक्रीट आतून फोडतो, आणि दोघांची पकड सुटते. गोडं पाणी लांबून आणावं लागे, म्हणून या छतात शेजारच्या खाऱ्या विहिरीचं पाणी घातलं होतं. मीठ लोखंडाचं काय करतं, हे लोणच्याच्या बरणीवर पत्र्याचं झाकण ठेवलेल्या कुठल्याही बाईला विचारावं.

"वॉर्ड रिकामा करून छत उतरवा," मी म्हणाले.

"अन् वर काय सांगू? माझंच काम खराब? मजबूत आहे, बाई. हत्ती उभा करा."

मी खाटा व्हरांड्यात काढल्या. तेवढ्यात औरंगाबादहून सुभेदारसाहेब, म्हणजे सगळ्या सुभ्याचे मोठे अधिकारी, पाहणीला येणार असं कळलं. व्हरांड्यातल्या खाटा बऱ्या दिसत नाहीत म्हणून ओव्हरसियरांनी त्या पुन्हा आत लावल्या. चुना तिसऱ्यांदा मारला.

हत्ती माझ्याकडे नव्हता. मी साहेबांसाठी आणलेली गादीची खुर्ची ओल्या चुन्याच्या बरोबर खाली मांडली, दोन खाटांच्या मधे.

साहेबांची मोटार फाटकात आली तेव्हा ओव्हरसियरांना खुर्ची दिसली.

"बाई, इथं न्हाई. जल्दी दाराजवळ घ्या."

"का? पंखा तर इथंच आहे."

"दाराजवळ हवा येऊन राह्यली ना."

"मंग खाटाही दाराजवळ घेऊ?"

"खाटा राहू द्या हो."

ते स्वतःच खुर्ची ओढत दारापर्यंत पोचले. सुभेदारसाहेब उंबऱ्यातच उभे होते. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग छताकडे, मग खाटांकडे.

"पहले इन औरतों को बाहर निकालिए," ते म्हणाले, आणि आत पाऊल टाकलं नाही.

छत उतरवलं. बोटाएवढ्या जाड सळया जागोजागी विणकामाच्या सुईएवढ्या उरल्या होत्या. वाकवल्या की मोडत. ओव्हरसियरांची बदली झाली. तिथंही त्यांना बांधकामच दिलं म्हणे.

छत मजबूत आहे का, हे बांधणाऱ्याला विचारू नये. त्याला चहा द्यावा आणि तो कुठं बसतो ते पाहावं.