गरम न लागणारा माणूस

आमच्या भेस्तानच्या मिलमध्ये भिकनभाऊंना मान होता तो त्यांच्या कातडीमुळे. स्टेंटरवर, म्हणजे रंगवलेलं ओलं कापड गरम हवेत सुकवणाऱ्या मशीनवर, त्यांचा जन्म गेला. अडकलेलं कापड ते उघड्या हातांनी ओढून काढायचे. नवा माणूस चटका बसून कुरकुरला की म्हणायचे, "गरम लागस? मंग बारडोलीले ऊसना मळामा जाय, थंडा रस पे." खात्यात गरम लागतं म्हणणं म्हणजे नाक कापून घेणंच होतं.

गेल्या वर्षी त्यांच्या मांडीत गाठ निघाली. कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, पाय वाचवायचा प्रयत्न करू. रेडिओ लहरींनी गाठ तापवायची, मग तिच्यावर रेडिएशन जास्त चालतं. ती आकसली तर नुसती गाठ काढता येईल. पुष्पावहिनी लगेच कानबाईला नवस बोलल्या.

गाठ तापवायचं मशीन लावणाऱ्या चैतालीताईंनी आधीच बजावलं, "काका, तापमान आम्ही बघतोच. पण एखाद्या जागी जास्त भाजलं तर ते तुम्हालाच आधी कळणार. लगेच सांगा, आम्ही कमी करू."

त्या मधून मधून विचारत होत्या. यांचं एकच उत्तर, "काही नाही, चालू द्या." मांडीची एक कड जळत होती आणि हे महाशय दातावर दात दाबून छताकडे बघत होते. वर स्वतःचा हिशेबही होता, की जितकी आच जास्त तितकी गाठ लवकर मरेल.

उठले तेव्हा मांडीवर तळहाताएवढा फोड होता. पुढे तो चिघळला. तापवणं बंद झालं, रेडिएशनही थांबलं. जखम भरेपर्यंत गाठ रक्तवाहिनीला जाऊन भिडली आणि पाय कापावा लागला.

"बोलनात का नहीत तुम्ही?" वहिनींनी विचारलं.

"चार लोकसमोर कसं सांगू, गरम लागी ऱ्हायनं म्हनीसन?"

मला अजूनही राग येतो. फोड आला नसता तर पाय नक्की वाचला असता, असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पण तेवढी आशा तरी राहिली असती. अरे बाबा, मिलमध्ये तोंड मिटून राहिलास, समजू शकतो. तिथे कापड शेठचं होतं. इथे पाय तुझा होता. शाबासकी कुणाकडून हवी होती तुला?

परवा रविवारी त्यांच्याकडे गेलो. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या होत्या. वहिनींनी चहा आणला. भाऊंनी बशीत ओतला, ओठाला लावला आणि खाली ठेवला.

"गरम शे," ते हळूच म्हणाले.

वहिनी थांबल्या. बशी उचलून त्यांनी फुंकर घातली, आणि मग त्यांना रडू आवरेना.

"हाईच तठे बोलनं व्हतं," त्या म्हणाल्या.

भाऊंनी मान हलवली आणि चहा निवायची वाट बघत बसले.