भोपळ्याला सुभेदार केलं तेव्हा

मी पोचले तेव्हा भोपळ्या बांधावर ताठ बसला होता आणि त्याचा मालक उसात होता. खरं तर दोघं एकत्र असायला हवे होते. तेवढ्यासाठीच तर भोपळ्याला या घरी पाठवलं होतं.

भोपळ्या म्हणजे आम्ही ट्रेन केलेला कुत्रा. मालक म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार मोहिते, गाव कराडच्या अलीकडं. या भागात माणूस रिटायर होतो, हुद्दा होत नाही. त्यामुळे अख्खं गाव त्यांना अजून हवालदारच म्हणतं. सीमेवर त्यांच्या चौकीवर तोफेचे गोळे पडले होते. तेव्हापासून मोठा आवाज झाला, की घाम फुटतो, हात थरथरतात आणि पाय आपोआप उसाकडे वळतात. डॉक्टर याला पीटीएसडी म्हणतात. गाव काहीच म्हणत नाही. ‘हवालदार जरा उसात गेल्यात’ एवढंच सांगतं.

त्या दिवशी सरपंचाचा वाढदिवस होता. म्हणजे फटाक्यांची माळ आलीच. पहिला बार वाजला तसे हवालदार चहाचा कप खाली ठेवून गेले, ते दुपार झाली तरी आले नव्हते.

“म्याडम, तुमचं कुत्रं गुणाचं हाय, पर कामाचं न्हाई,” सुनंदावहिनी म्हणाल्या. या हवालदारांच्या पत्नी. “पोरीचं लगीन तोंडावर आलंय. हे म्हणत्यात, मी मांडवात येत न्हाई, कन्यादान चुलत्याला करू द्या. आन् अश्विनी म्हणती, बाबा न्हाईत तर लगीनबी न्हाई. दोघंबी एका माळंचं मणी.”

मला हे पटेना. कामाचा नाही म्हणजे काय? माधवनगरला बंद पडलेल्या एका गिरणीच्या शेडमध्ये आमची छोटी संस्था आहे. रस्त्यावरची जखमी, टाकून दिलेली कुत्री आणायची, बरी करायची, आणि त्यातली लायक निघतील ती माजी सैनिकांना सोबतीला द्यायची, हे आमचं काम. भोपळ्या मिरजेतला. दवाखान्यांच्या गल्लीत, चहाच्या गाड्याखाली पाय मोडून पडला होता. दिवसभर शेजारून ॲम्ब्युलन्स कोकलत जायच्या आणि हा घोरत असायचा. मला असाच निगरगट्ट हवा होता.

त्याला दोन कामं शिकवली होती. माणसाचा श्वास बदलला, हात थरथरले, की कुणी सांगायची वाट न बघता नाकानं ढोसायचं आणि आवाजापासून लांब न्यायचं. तेवढ्यानं भागलं नाही, तर मांडीवर चढून अंगाचं सगळं वजन टाकायचं. दाबानं माणूस शांत होत जातो. याला प्रेशर थेरपी म्हणतात. भोपळ्याचा आकार बघता ही थेरपी त्याला वेगळी शिकवावी लागली नाही.

हवालदार उसातून आले. अंगाला पाचट चिकटलेलं आणि चेहऱ्यावर काही झालंच नाही असा भाव.

“सराव कसा करता ते दाखवा,” मी म्हणाले.

त्यांनी दाखवला. सिट, स्टे, हील, म्हणजे बस, थांब, पायाशी चाल. कुत्रा अंगणात असा बसला, की माशी बसली तरी कान हलेना. हवालदार गोठ्यापर्यंत जाऊन आले तरी हा जागचा हलला नाही. बघायला जमलेले शेजारी खूश झाले. मी मात्र झाले नाही.

“आता मोठा आवाज करणार आहे. चालेल?”

“करा की. मला काय व्हतंय?”

वहिनींनी घमेलं फरशीवर आपटलं. हवालदारांचे हात थरथरायला लागले. भोपळ्या त्याच क्षणी उठला आणि हवालदार दातओठ खात म्हणाले, “स्टे.” भोपळ्या खाली बसला.

“तो उठला होता, साहेब. तुम्ही बसवलात.”

“विनाहुकूम उठला की. चालंल व्हय? पयल्यापयल्यांदा अंगावर चढायचा. ती खोड मोडली मी. शिस्त हाय का न्हाई काय?”

मी कपाळाला हात लावला. न सांगता उठायला शिकवताना आमचा जीव अर्धा झाला होता, आणि या गृहस्थांनी त्यावर सराईतपणे पाणी फिरवलं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी कुत्रा लाडानं बिघडतो. इथं तो शिस्तीनं बिघडला होता.

आमचे अध्यक्ष निवृत्त कर्नल आहेत. त्यांना फोन केला.

“फेल्युअर आहे. डॉग परत आणा. वेटिंगवर लोक आहेत.”

“सर, डॉग फेल नाही. हवालदार फेल आहेत.”

“मग त्यांना आणा.”

“शेडमध्ये जागा नाही, सर.”

ते हसले असावेत. लग्नापर्यंतची मुदत मिळाली.

मग मी हवालदारांना समजावायला बसले. हा कुत्रा हुकूम मोडणारच, तेच त्याचं काम आहे, असं नाना परींनी सांगितलं. त्यांचं एकच, “हुकूम म्हंजे हुकूम.” शेवटी घेवडा निवडत बसलेल्या वहिनी वैतागल्या.

“आवं, तुमी जल्मात कुणाचं ऐकलंय? माजं न्हाई, आईचं न्हाई. सुभेदारसाहेबाचं तेवढं ऐकायचा. मग कुत्र्यालाच सुभेदार करा की.”

मला हसू फुटलं. हवालदार हसले नाहीत. त्यांनी भोपळ्याला खालून वर न्याहाळलं.

“सीनियरला स्टे म्हणता येत न्हाई,” ते हळूच म्हणाले.

मी ती संधी सोडली नाही. कुठलाही अधिकार नसताना तिथल्या तिथं बढती जाहीर केली. अश्विनीनं त्याच्या पट्ट्यावर सुभेदाराच्या खांद्यावर असते तशी लाल-पिवळी फीत शिवली. गावाला तर निमित्तच हवं होतं. पारावरची माणसं ‘राम राम, सुभेदार’ म्हणू लागली. भोपळ्या त्यांच्याकडे ढुंकून बघत नसे. हुद्दा अंगी मुरायला त्याला वेळ लागला नाही.

सराव पहिल्यापासून सुरू केला. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज आधी बारीक, मग मोठा. कुत्र्यानं ढोसलं, की हवालदारांनी उठायचं आणि त्याला मटणाचा तुकडा द्यायचा. वरिष्ठाला खाऊ घालणं फौजेत नवीन नाही, असं तेच म्हणाले.

लग्नात फटाके नकोत, असं वरपक्षाला बजावून सांगितलं होतं. नवरदेव आटपाडीकडचा, घर समजूतदार. त्याचे मित्र तसे नव्हते. अक्षता पडल्या. हवालदार आणि वहिनी कन्यादानाला पाटावर बसले, आणि मांडवाच्या दाराशी फटाक्यांची माळ लागली.

मी मागच्या रांगेत उभी होते. हवालदारांच्या हातातला तांब्या थरथरायला लागला. पाटाशेजारी बसलेला भोपळ्या उठला, त्यानं त्यांच्या कोपराला ढोसलं. हवालदारांनी तोंड उघडलं. आता ‘स्टे’ म्हणणार, असं मला वाटलं. त्यांनी तांब्या वहिनींच्या हातात दिला.

“साहेब बोलवत्यात,” ते म्हणाले आणि कुत्र्यामागून मांडवाबाहेर पडले.

कुजबुज सुरू झाली. नवऱ्याचा मामा मोठ्यानं म्हणाला, “सासरा पळाला की.” भटजींनी चुलत्याला पाटावर बसायची खूण केली. चुलता उठलाही. अश्विनी खाली मान घालून बसली होती, ती तशीच म्हणाली, “काका, बसा खाली. बाबा येत्यात.”

मी मागं धावले. आचाऱ्याच्या चुलाणापलीकडे, कांद्याच्या पोत्यांना टेकून हवालदार मातीत बसले होते. भोपळ्या अख्खाच्या अख्खा मांडीवर. त्याच्या मानेत तोंड खुपसून ते रडत होते. मलाही रडू आलं, ते मी कांद्यावर ढकललं.

माळ संपली. श्वास जागेवर आला. भोपळ्या आपण होऊन खाली उतरला.

हवालदार परत आले तेव्हा फेटा कलला होता आणि पांढऱ्या सदऱ्यावर मातीचे पंजे उमटले होते. मामानं बाजूला सरकून वाट दिली. ते पाटावर बसले, तांब्या घेतला आणि लेकीच्या हातावर पाणी सोडलं. थोडं सांडलं. अश्विनी तोवर रडली नव्हती.

कर्नलना फोन केला. “काम केलं का डॉगनं?”

“डॉग पहिल्यापासून करत होता, सर. आज हवालदारांनी केलं.”

तेव्हापासून आमच्याकडे नवीन फौजी आला, की आधी त्याचं ट्रेनिंग होतं, कुत्रा मागाहून मिळतो. कुत्री लवकर शिकतात. फौजी मधूनच कर्नलकडे तक्रार करतात.