चौतीस टक्के आणि सोनटक्के गुरुजी

“चौतीस झाले,” असं म्हणत सोनटक्के गुरुजींनी फोन बंद करायला अंगठा बाजूच्या बटणावर ठेवला. मी काउंटरवरून वाकून त्यांचं मनगट धरलं. शाळेत असताना त्या मनगटाला हात लावायची माझी छाती झाली नसती, पण आता इलाज नव्हता. गुरुजींच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, बसमध्ये होत्या आणि कोणत्याही क्षणी त्यांचा फोन येणार होता.

परभणीत माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. डिस्प्ले फुटला, चार्जिंगची पिन ढिली झाली, फोन हौदात पडला, असली कामं. गुरुजी पंधरा दिवसांपूर्वी आले तेव्हा काम म्हणावं असं काही नव्हतंच. “बबन्या, बॅटरीचं नुसतं चित्र दिसायलंय. किती उरली ते आकड्यात दाव,” म्हणाले. सेटिंगमध्ये बॅटरीच्या भागात टक्के दाखवायचं बटण असतं. ते ऑन केलं की वरच्या कोपऱ्यात आकडा येतो. दहा सेकंदांचं काम, मी फुकट करून दिलं. फुकटच्या कामाला शेपूट लांब असतं, हे मी तेवढ्यापुरतं विसरलो.

गुरुजींनी झरीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. आकडा दिसला की त्यांच्या डोक्यात पेपर तपासणी सुरू होते. फोन अठ्ठ्याण्णववर गेला की ते चार्जर काढायचे, कारण शंभरपैकी शंभर त्यांनी कधी कुणाला दिले नाहीत. दोन मार्क अक्षराचे कापायचेच. साठच्या खाली आला की फर्स्ट क्लास गेला म्हणून त्यांना घास गोड लागत नसे. आणि पस्तीसच्या खाली गेला की नापास. मग फोन सरळ बंद करून कपाटात ठेवायचा.

याची झळ काकूंना बसली. गेल्या शनिवारी त्या पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेल्या. तिथं त्यांची बहीण राहते. तिनं वांग्यांनी पिशवी ठासून भरून दिली. परतल्यावर काकूंनी बसस्टँडवरून फोन लावला, स्कूटी घेऊन या म्हणून. फोन बंद. दीड तास त्या वांगी सांभाळत बसल्या आणि शेवटी रिक्षानं घरी आल्या. गुरुजींना त्यांनी एवढंच सांगितलं, “परत फोन बंद लागला, तर मी स्टँडवरूनच राणीसावरगावची गाडी धरीन.” राणीसावरगाव म्हणजे काकूंचं माहेर. काकू बोललेलं करतात, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. आणि गुरुजींना चहात साखर किती टाकायची तेही काकूंना विचारावं लागतं.

आज पुन्हा शनिवार होता, काकू पुन्हा पोखर्णीला. सकाळपासून लाइट नव्हती. गुरुजी घाबरेघुबरे होऊन दुकानात आले. चार्ज करायला माझ्याकडे पॉवर बँक होती, पण ती मीच आदल्या दिवशी वापरून संपवली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

“गुरुजी, चालू राहू द्या. चौतीसवर अजून दोन तास सहज चालतो.”

“चालंल. पण नापास झालाय न्हवं तो? एकाला सोडलं की सगळा वर्ग मागं लागतो.”

वर्गात एकच फोन होता, पण हे मी बोललो नाही. त्यांना समजावू लागलो. पेट्रोलच्या टाकीत काठी घालून बघता येतं, तसं बॅटरीत डोकावता येत नाही. एक बारीक चिप असते. करंट किती आत आला, किती बाहेर गेला, हे बघून ती आकडा ठरवते. बॅटरी जुनी झाली की तिचा आकडा चुकायला लागतो.

“थोडक्यात, हा अंदाज आहे, गुरुजी.”

“अंदाज?” गुरुजींनी चष्मा काढला. “म्हंजे पेपर न वाचताच मार्क द्यायलीय ती?”

“वाचते, पण वरवर.”

“आन् तिला कुणी काढून टाकत न्हाई?”

“गुरुजी, चौतीस आणि पस्तीसमधला फरक तिला स्वतःलासुद्धा नीट कळत नाही.”

बोलून गेलो आणि जीभ चावली. नववीत गणितात मला चौतीस होते. पेपर गुरुजींनीच तपासला होता. एका मार्कासाठी माझे वडील शाळेत जाऊन हात जोडून आले, पण गुरुजी हलले नाहीत. नववी मी दोनदा केली. राग होता, खोटं कशाला बोलू. पुष्कळ वर्षं होता.

गुरुजींनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. अंगठा बटणावर तसाच. आणि फोन वाजला. काकू.

“उचला!” मी ओरडलोच.

“अगं...” गुरुजींना एवढंच बोलता आलं. पुढचं सगळं काकूंचं, आणि तेही मला स्पीकरशिवाय ऐकू येत होतं. “लागला का आज फोन? मला वाटलं परत नापास केलाव. माहेरची गाडी समोरच उभी हाय बघा!” गुरुजी मधूनमधून फोन कानापासून काढून आकडा बघायचे. तेहतीस. बत्तीस. एकतीस. काकूंना वाटत होतं, ते मुकाट्यानं ऐकून घेतायत. एकतीसला काकू थंड झाल्या. “या लवकर. आज दोडके हायत,” म्हणाल्या.

“एकतीसला बी लय चांगलं ऐकू येतंय की रे,” गुरुजी म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

स्कूटीची चावी घेऊन निघाले आणि पायरीवर थांबले.

“बबन्या, नववीला तुला किती होते?”

“चौतीस.”

“शेवटच्या गणितात रीत बरोबर होती तुझी. उत्तर तेवढं चुकलं होतं.” ते चावी बोटात फिरवत राहिले. “रीतीचे दोन देता आले असते. तो बी अंदाजच होता म्हण.”

त्यांना माझा पेपर आठवत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. “जा, गुरुजी, काकू थांबल्यात,” एवढंच मी म्हणालो.

सोमवारी त्यांच्या फोनला नवी बॅटरी टाकली. टक्के बंद करू का, असं विचारलं, तर नको म्हणाले. आता पस्तीसच्या खाली फोनला एटीकेटी असते, बंद करत नाहीत. जाताना त्यांनी काकूंनी पाठवलेली दोडक्यांची पिशवी काउंटरवर ठेवली. आत चौकटीच्या वहीतला घडी केलेला कागद होता. लाल पेनानं लिहिलं होतं: ‘चौतीस अधिक दोन, छत्तीस. उत्तीर्ण.’ खाली पूर्ण सही.

तो कागद काउंटरच्या काचेखाली आहे. टक्के दाखवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक अजून येतं. मी दाखवून देतो. फक्त सांगून ठेवतो, की आकडा अंदाजाचा आहे, घरचा फोन आला तर आधी उचला.